पहिल्या पन्नास पाळ्या : साम्राज्यउभारणीच्या संगणकखेळातील प्रारंभ आणि गोदावरी-मांजरा प्रदेश

पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या साम्राज्यउभारणीच्या संगणकखेळांत घड्याळ कोणालाच घाई करत नाही. एका खेळाडूने आपल्या सर्व खेळी पूर्ण केल्या की पाळी संपते, प्रतिस्पर्ध्यांच्या खेळी होतात आणि काळ काही वर्षांनी पुढे सरकतो. या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सिड मायर यांचा १९९१ मध्ये आलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ होय. त्याचा सहावा अवतार २०१६ मध्ये, तर सातवा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमधील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘फ्रीसिव्ह’ आणि साध्या मोबाइलवरही चालणारा ‘अनसिव्ह’ हे त्याच धर्तीचे विनामूल्य खेळ असल्यामुळे महागडा संगणक नसलेल्या खेळाडूलाही हा प्रकार आज सहज उपलब्ध आहे. अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने १९९३ मध्ये अशा खेळांची चार अंगे सांगितली होती : प्रदेशाचा शोध, विस्तार, साधनसंपत्तीचा उपयोग आणि शत्रूचा नाश. यांपैकी पहिल्या तीन अंगांचा पाया पहिल्या चाळीस-पन्नास पाळ्यांतच घातला जातो, आणि बहुतेक खेळाडू हरतात ते शेवटच्या युद्धात नव्हे तर या पाळ्यांत. पराभव मात्र शंभर-दीडशे पाळ्या उलटल्यावर दिसतो, म्हणून त्याचे कारणही चुकीच्या ठिकाणी शोधले जाते.

प्रारंभाला एवढे महत्त्व येते ते चक्रवाढीमुळे. या खेळांतील प्रत्येक नगर दर पाळीला अन्न, उत्पादन, सोने, विज्ञान आणि संस्कृती अशा राशी निर्माण करते. अन्नातून लोकसंख्या वाढते, लोकसंख्येतून उत्पादन वाढते, उत्पादनातून नवी नगरे वसतात आणि ती नगरे पुन्हा तेच चक्र आपापल्या जागी सुरू करतात. त्यामुळे विसाव्या पाळीला मिळालेली एखादी लहानशी गोष्ट ऐंशीव्या पाळीला मिळालेल्या मोठ्या गोष्टीपेक्षा जास्त मोलाची ठरते. हे तत्त्व सर्वांना पाठ असते. तरीही त्याचा उपयोग करताना खेळाडू एका ठरावीक क्रमाला चिकटून राहतात. आधी टेहळ्या, मग गोफणधारी, मग वसाहतकार असा जो क्रम कोणीतरी सांगितलेला असतो, तो प्रत्येक नकाशावर जसाच्या तसा वापरला जातो. प्रारंभ सुधारायचा असेल तर क्रम पाठ करण्यापेक्षा समोरची जमीन वाचायला शिकणे अधिक आवश्यक आहे. हे वाचन कसे करावे, हे समजून घेण्यासाठी नांदेड आणि लातूर या शेजारच्या दोन जिल्ह्यांइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, कारण तेथे एकाच काळ्या मातीच्या पट्ट्यात दोन मोठी शहरे अगदी वेगळ्या आधारांवर उभी राहिली आहेत. पुढील विवेचनातील आकडे ‘सिव्हिलायझेशन’च्या सहाव्या अवताराचे, मध्यम गतीच्या डावाचे आहेत, तत्त्वे मात्र या प्रकारातील जवळजवळ सर्व खेळांना लागू पडतात.

डावाच्या आरंभी खेळाडूकडे एक वसाहतकार, म्हणजे नवे नगर वसवू शकणारा गट, आणि एक योद्धा एवढेच असते. नकाशा षटकोनी घरांचा बनलेला असून प्रत्येक घराला माळ, गवताळ जमीन, टेकडी, जंगल, वाळवंट असे स्वरूप असते. पहिले नगर जिथे वसते तेथेच राजधानी होते आणि, एखाद-दुसऱ्या संस्कृतीचा, म्हणजे खेळाडूने निवडलेल्या राष्ट्राचा, अपवाद वगळता, ती आपल्या इच्छेने हलवता येत नाही. इतिहासातील राजांना ही सक्ती नव्हती. आठव्या शतकाच्या मध्यास दंतिदुर्गाने बदामीच्या चालुक्यांचे वर्चस्व झुगारून राष्ट्रकूटांची सत्ता उभी केली. त्या घराण्यातील राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्यांच्या साम्राज्याची वैभवाच्या काळातील राजधानी लातूर नव्हती; अमोघवर्षाच्या कारकिर्दीत ती मान्यखेट येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड येथे होती. मूळ गावाचे नाव बिरुदात जपून राज्याचे केंद्र सोयीच्या जागी नेणे त्यांना शक्य झाले. खेळाडूला ते शक्य नसल्यामुळे पहिल्या जागेची निवड त्याला अधिक काळजीपूर्वक करावी लागते आणि त्यासाठी एक-दोन पाळ्या चालत जाण्याची किंमत मोजणे बहुधा परवडते. तीन-चार पाळ्यांहून अधिक भटकणे मात्र परवडत नाही, कारण तेवढ्या काळात प्रतिस्पर्ध्याची राजधानी वाढू लागलेली असते.

जागा निवडताना पहिला प्रश्न गोड्या पाण्याचा असतो. खेळात प्रत्येक नगराला एक निवासमर्यादा असते, म्हणजे किती लोकसंख्येला तेथे सुखाने राहता येईल याचा आकडा असतो. नदी, तळे किंवा मरूद्यान यांच्या काठी वसलेल्या नगराला आरंभीच ५ निवास मिळतात, केवळ समुद्रकाठ असेल तर ३ आणि पाणीच नसेल तर अवघे २. लोकसंख्या या मर्यादेच्या एक पाऊल अलीकडे आली की वाढीचा वेग निम्मा होतो आणि मर्यादा गाठल्यावर तो चौथ्या हिश्शावर येतो. याचा अर्थ असा, की २ निवास असलेले नगर एका लोकसंख्येवर असतानाच, जन्मल्या दिवसापासून, अर्ध्या वेगाने वाढते. नदीकाठचे नगर मात्र चार लोकसंख्या होईपर्यंत पूर्ण वेगाने धावते. हा फरक पहिल्या तीस पाळ्यांत इतका खोल होतो, की नंतर कोणत्याही इमारतीने तो सहजासहजी भरून निघत नाही.

नांदेड हे या नियमाच्या पहिल्या बाजूचे उदाहरण आहे. गोदावरीच्या काठी वसलेल्या या शहराला बारमाही पाण्याचा, गाळाच्या सुपीक जमिनीचा आणि नदीच्या कडेने जाणाऱ्या वाटांचा लाभ मिळाला. खालच्या अंगाला, नदीच्या पलीकडे थोड्याच अंतरावर असलेले तेलंगणातील बोधन हे प्राचीन अश्मक जनपदाची राजधानी असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे गोदावरीचा हा टप्पा वसाहतीसाठी किती आधीपासून निवडला जात होता हे लक्षात येते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान नांदेड येथे झाले आणि पुढे हुजूर साहिबच्या रूपाने हे शहर शिखांच्या पाच तख्तांपैकी एक ठरले. नदीकाठ निवडणाऱ्याने नदीचा स्वभावही स्वीकारावा लागतो. २०१९ मध्ये आलेल्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्तारापासून खेळातील नद्यांना पूर येऊ लागले. पुरात शेते आणि इमारती मोडतात, परंतु पुराने आणलेल्या गाळामुळे तीच घरे आधीपेक्षा जास्त अन्न देऊ लागतात. वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला की नांदेडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते, हे तेथील रहिवाशांना नव्याने सांगावे लागत नाही. प्रारंभाच्या दृष्टीने निष्कर्ष एवढाच, की पूरमैदान सोडून देऊ नये. तेथे शेती करावी, पण महागड्या इमारती पहिल्या घाईत त्या घरांवर उभ्या करू नयेत.

लातूर ही दुसरी बाजू आहे आणि खेळाडूला शिकण्यासारखे तिच्यात अधिक आहे. बालाघाटच्या पठारावरील या शहराच्या पोटातून मोठी नदी वाहत नाही. मांजरा जिल्ह्यातून वाहते, परंतु शहराचे पाणी मुख्यतः दूरच्या धनेगाव येथील मांजरा धरणातून नळाने आणावे लागते. तरीही लातूर वाढले ते बाजारपेठ म्हणून. याच परिसरात, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे, दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावाची व्यापारी नगरी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ती पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद असून तेथील माल भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे सांगितले आहे. व्यापाराचा हा वारसा निजामाच्या राजवटीत लातूरकडे आला. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी लातूरपर्यंत पोहोचली, १९१७ मध्ये गंजगोलाईची मुख्य वास्तू उभी राहिली, आणि त्या वर्तुळाकार पेठेला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर धान्य, कापड, भांडी, गूळ आणि सोन्याचांदीचे व्यापार आपापल्या ओळीने बसले. आज तूर आणि सोयाबीनचा भाव लातूरच्या बाजारात काय निघाला, याकडे दूरदूरच्या शेतकऱ्यांचे लक्ष असते.

खेळाच्या नियमांत अशा नगराला फारसे गुण मिळत नाहीत. खेळातील व्यापारी विभागाला, म्हणजे पेठेसाठी राखलेल्या घराला, नदीलगत असल्याबद्दल २ सोन्याचा जादा लाभ मिळतो. लातूरसारख्या जागी तो मिळणार नाही. रस्ते जिथे एकत्र येतात ती जागा स्वतःच संपत्ती असते, हे सत्य या खेळाने पुरेसे ओळखलेले नाही, आणि ही त्याची खरी उणीव आहे. असे असले तरी पाणी नसलेली जागा वसवणे चुकीचेच असते असे नाही. घोडे किंवा लोखंड तेथे असेल, दोन प्रदेशांना जोडणारी खिंड तेथे असेल किंवा प्रतिस्पर्ध्याच्या विस्ताराला तेथे बांध घालता येणार असेल, तर ती जागा घ्यावी. फक्त ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या नगरासाठी घ्यावी, राजधानीसाठी नव्हे, आणि घेतानाच पाण्याची तजवीज ठरवून टाकावी. ही तजवीज खेळात तीन मार्गांनी होते. धान्याचे कोठार २ निवास देते आणि ते कुंभारकामाच्या शोधाबरोबर लवकर मिळते. जलवाहिनीचा विभाग पाणी नसलेल्या नगराची मर्यादा थेट ६ वर नेतो; शिवाय ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये दुष्काळ पडला असता ती नगराचे अन्न घटू देत नाही. मात्र जलवाहिनी नगराला लागून असलेल्या घरावरच बांधता येते आणि त्या घराला नदी, तळे, मरूद्यान किंवा डोंगर लागून असावा लागतो, म्हणून नगर वसवण्यापूर्वीच ते घर हेरून ठेवणे आवश्यक असते. तिसरा मार्ग भारत हे राष्ट्र घेऊन खेळणाऱ्याच्या वाट्याला आलेल्या खास बांधकामाचा, म्हणजे बारवेचा आहे. सिंचनाचा शोध लागला की ती बांधता येते, ती अन्न आणि निवास दोन्ही वाढवते आणि शेताला लागून असेल तर जास्त अन्न देते. मराठवाड्यात गावोगावी ज्या जुन्या बारवा आहेत, त्यांमागचा हिशेबही हाच होता.

बांधून पाणी निर्माण करण्याची ही परंपरा नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे अजूनही डोळ्यांना दिसते. राष्ट्रकूटांच्या काळात भरभराटीला आलेल्या या गावाजवळ ‘जगत्तुंग समुद्र’ नावाचा तलाव असून तिसऱ्या कृष्णाशी जोडल्या जाणाऱ्या भुईकोटाभोवती रुंद, पाण्याने भरणारा खंदक आहे. पाण्याची तजवीज विस्तारामागे पडली तर काय होते, याचे उत्तर लातूरने २०१६ मध्ये अनुभवले. मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणींमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला पोहोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. ज्या बार्शी लाइट रेल्वेने लातूरची पेठ वाढवली तिचाच मार्ग पुढे मिरजेपर्यंत गेला होता, आणि रुंदीकरण झालेल्या त्याच मार्गाने हे पाणी आले. खेळात यालाच अंतर्गत व्यापारमार्ग म्हणतात : परराष्ट्रव्यापाराचा टप्पा गाठल्यावर मिळणारा पहिला व्यापारी परदेशी न पाठवता नव्या, दुबळ्या नगरातून राजधानीकडे पाठवला, तर त्या नगराला दर पाळीला अन्न आणि उत्पादन मिळते. पहिला व्यापारी कोठे पाठवावा या प्रश्नावर बहुतेक खेळाडू सोन्याकडे पाहतात, पण प्रारंभी अंतर्गत मार्गच बहुधा अधिक फळतो.

जागा ठरल्यानंतरचा प्रश्न नागरिकांना कोणत्या घरावर राबवायचे हा असतो. खेळ हे काम आपोआप करतो, म्हणून अनेकांचे त्याकडे लक्षच जात नाही. वस्तुतः पहिल्या दहा पाळ्यांतील सर्वांत मोठा निर्णय येथेच दडलेला असतो. समजा, राजधानी माळावरील टेकडीवर वसली. अशा नगराचे केंद्र स्वतः २ अन्न आणि २ उत्पादन देते, राजवाडा आणखी २ उत्पादन देतो आणि प्रत्येक नागरिक २ अन्न खातो. एकुलत्या एका नागरिकाला भाताच्या गवताळ घरावर लावले तर ३ अन्न मिळते. खाऊन ३ अन्न उरते, आणि एकाची लोकसंख्या दोन होण्यासाठी १५ अन्न लागत असल्यामुळे पाचव्या पाळीलाच दुसरा नागरिक मिळतो. या पाच पाळ्यांत उत्पादन साधारण २० होते. त्याच नागरिकाला जंगल असलेल्या टेकडीवर लावले तर ते घर १ अन्न आणि ३ उत्पादन देते. पाच पाळ्यांत ३५ उत्पादन हाती येते, म्हणजे ३० उत्पादनाचा टेहळ्या तयार होऊन वर काही उरते, परंतु उरणारे अन्न दर पाळीला केवळ १ असल्याने दुसरा नागरिक यायला पंधरा पाळ्या लागतात. दोन्ही हिशेब मांडून पाहिले की उत्तर स्पष्ट होते : पहिला टेहळ्या तीन पाळ्या उशिरा आला तरी चालतो, पण दुसरा नागरिक दहा पाळ्या उशिरा येणे परवडत नाही. आधी अन्न, दुसरा-तिसरा नागरिक आल्यावर उत्पादन, असा बदल हाताने करावा लागतो. जेथे ३ अन्नाचे घर जवळ नाही आणि सभोवती टेकड्याच आहेत तेथे हा हिशेब उलटतो, आणि म्हणूनच पाठ केलेला क्रम उपयोगी पडत नाही.

टेहळणीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण तिचे फायदे उघड आहेत : वाटेत लागणाऱ्या आदिवासी पाड्यांतून काही ना काही लाभ होतो, एखाद्या नगरराज्याची प्रथम भेट घेणाऱ्याला तेथे एक दूत फुकट मिळतो आणि पुढच्या नगरांच्या जागा समजतात. दुर्लक्षित राहते ती रानटी टोळ्यांची बाजू. टोळीचा टेहळ्या खेळाडूचे नगर पाहून आपल्या तळावर परतला की मगच तेथून हल्लेखोर निघतात. त्याला परतण्यापूर्वी गाठणे किंवा त्याची वाट अडवणे हे त्यानंतरच्या सहा-सात पाळ्यांच्या लढाईपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. म्हणून पहिल्या योद्ध्याला दूर भटकू न देता राजधानीभोवती दोन-तीन घरांच्या फेऱ्यात ठेवणे हिताचे असते. मराठवाड्यात ज्वारीच्या राखणीला वापरतात तीच गोफण येथे पहिले दूरवरून मारणारे शस्त्र म्हणून येते. एका गोफणधाऱ्याने एक शत्रू टिपला की धनुर्विद्येच्या शोधाचा मोठा भाग आपोआप पूर्ण होतो.

या शेवटच्या सोयीला खेळात ‘युरेका’ म्हणतात आणि प्रारंभातील वेग बराचसा तिच्यावर अवलंबून असतो. प्रत्येक शोधाला एक छोटी अट जोडलेली असते. ती पूर्ण झाली की त्या शोधाच्या खर्चाचा ४० टक्के भाग सुटतो, आणि मूळ आवृत्तीत तर ५० टक्के सुटत असे. लेखनाच्या शोधाची अट दुसऱ्या संस्कृतीशी भेट होणे ही आहे, दगडकामाची अट दगडाची खाण काढणे ही आहे, सिंचनाची अट एखाद्या पिकावर शेत उभारणे ही आहे. सामाजिक प्रगतीच्या टप्प्यांनाही अशाच अटी असतात. त्यांतील ‘प्रारंभिक साम्राज्य’ हा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे, कारण तो गाठल्यावर वसाहतीकरणाचे धोरण स्वीकारता येते आणि वसाहतकार तयार करण्याचा वेग ५० टक्क्यांनी वाढतो. दर पाळीला ७ उत्पादन असलेल्या राजधानीला ८० उत्पादनाचा पहिला वसाहतकार तयार करण्यास एरवी बारा पाळ्या लागतात. हे धोरण असेल तर आठ पुरतात. परंतु त्या टप्प्याची अट राज्याची एकूण लोकसंख्या ६ होणे ही आहे आणि प्रत्येक वसाहतकार बाहेर पडताना नगराची एक लोकसंख्या घेऊन जातो. म्हणून एक वसाहतकार लवकर काढून दुसरे नगर वसवावे, दोन्ही नगरांची मिळून लोकसंख्या सहावर न्यावी, धोरण बदलावे आणि मग पुढचे दोन-तीन वसाहतकार एकापाठोपाठ एक काढावेत, हा मार्ग मध्यम सुपीक प्रदेशात सर्वांत भरवशाचा ठरतो. प्रत्येक नव्या वसाहतकाराची किंमत ३० उत्पादनाने वाढत असल्यामुळे ही सवलत नंतरच्या वसाहतकारांवर अधिक उपयोगी पडते.

विस्ताराच्या या काळात सर्वांत मोठा मोह आश्चर्यवास्तूंचा असतो. स्टोनहेंज बांधण्यास १८० उत्पादन लागते. पहिला वसाहतकार ८० आणि दुसरा ११० उत्पादनाचा धरला तर जवळजवळ त्याच खर्चात दोन नगरे वसतात. शिवाय एखादी वास्तू जगात एकदाच बांधता येते, आणि कठीण पातळीवर संगणकाच्या राज्यांना आरंभीच जादा वसाहतकार व सैन्य मिळालेले असल्याने ती दुसऱ्याने आधी पूर्ण करण्याची शक्यता मोठी असते. वास्तूच्या हौसेपायी विस्तार थांबवणे म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाण्याचे पीठ करणे होय. राष्ट्रकूटांचा क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. दंतिदुर्गाने आधी चालुक्यांची सत्ता मोडून प्रदेश जोडला. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या काळाशी जोडले जाते तो पहिला कृष्ण त्याच्यानंतर गादीवर आला. जागा आधी अडवण्याचे महत्त्वही याच प्रदेशात दिसते. उमरग्यापासून किनवटपर्यंतचा नकाशा समोर ठेवला तर औसा, उदगीर, कंधार आणि माहूर हे किल्ले नकाशावर एकमेकांना धरून उभे दिसतात. त्या एकेका ठिकाणाने भोवतालचा मुलूख राखला. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी निजामाला नमवले ते उदगीरलाच. सीमेवरचे नगर शेजाऱ्याच्या आधी वसवणे हा प्रारंभाचा भाग आहे, युद्धाचा नव्हे. नगरांमध्ये किमान तीन घरांचे अंतर ठेवावेच लागते, त्यामुळे मोक्याच्या जागी बसलेले एक नगर प्रतिस्पर्ध्याचे दोन-तीन संभाव्य पर्याय कायमचे बंद करते.

नगर वसले की त्यात लगेच एक विभाग आखून ठेवावा. विभाग म्हणजे विद्यापीठ, पेठ, देवस्थान, लष्करी छावणी अशा एकेका कामासाठी राखलेले घर. त्याचा मूळ खर्च ५४ उत्पादन असला तरी खेळाडूची ज्ञानात आणि संस्कृतीत जसजशी प्रगती होते तसतसा तो वाढत जातो. मात्र विभागाची जागा एकदा निश्चित केली की त्या क्षणीचा खर्च कायम राहतो, बांधकाम पुढे कितीही पाळ्यांनी पूर्ण केले तरी. पहिला विभाग एका लोकसंख्येवर, दुसरा चारवर आणि तिसरा सातवर आखता येतो. एवढी साधी सवय नसल्यामुळे अनेक खेळाडू डावाच्या मध्यावर दुप्पट खर्च करत बसतात. विभाग निवडताना सर्व नगरांत सर्व काही उभारण्याचा हव्यास टाळावा. पाण्याची चणचण असलेल्या लातूरने बाजारपेठ आणि शिक्षण या दोन गोष्टींवर भर दिला, आणि परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे त्याचे नाव राज्यभर झाले; नांदेडला तीर्थक्षेत्र आणि नदीकाठची शेती यांचे बळ होते, पुढे १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही तेथे आले. ज्या नगराकडे जे बळ आहे तेच प्रथम वाढवणारा खेळाडू पन्नासाव्या पाळीला पुढे असतो.

प्रारंभ सुधारण्यासाठी शंभर डाव शेवटपर्यंत खेळण्याची आवश्यकता नाही. पहिल्या पाळीलाच डाव साठवून ठेवावा, पन्नास पाळ्या खेळून नगरांची संख्या, एकूण लोकसंख्या, दर पाळीचे विज्ञान आणि संस्कृती, आणि आखलेले विभाग एवढे पाच आकडे वहीत टिपावेत, आणि मग तोच नकाशा पुन्हा उघडून एकच गोष्ट बदलून खेळावे : राजधानी एक घर सरकवून, पहिला नागरिक दुसऱ्या घरावर लावून किंवा दुसरा वसाहतकार पाच पाळ्या आधी काढून. एकाच जमिनीवर तीन-चार वेळा असे केल्यावर कोणत्या निर्णयाने किती फरक पडतो हे अंदाजाने नव्हे, आकड्यांनी कळू लागते. ‘फ्रीसिव्ह’मध्ये स्वतःचा नकाशा तयार करण्याचीही सोय आहे. नांदेड आणि लातूर येथील अभियांत्रिकी व भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी गोदावरी-मांजरा खोऱ्याचा नकाशा, त्यातील नद्या, पठार, काळी जमीन आणि जुन्या व्यापारी वाटांसह, एकदा नीट तयार करावा आणि तो सर्वांसाठी खुला ठेवावा. राजधानी गोदाकाठी वसवावी की बालाघाटावर, हा प्रश्न तेथे प्रत्येकाला स्वतः सोडवता येईल.